जिथे चौथरा होणार होता

आमच्या गल्लीतल्या माणसांना वर्गणी एकाच पद्धतीने गोळा करता येते. हातात ताट, ताटात नारळ आणि हळद-कुंकू, पुढे एक वयस्कर माणूस, मागे चार-पाच जण. दारात उभं राहून आधी देवीचं नाव घ्यायचं. मग घरातली बाई पदर सावरत बाहेर येते, ताटाला हात लावून नमस्कार करते आणि पैसे ठेवते. गणपतीला असंच, गावच्या देवळाला रंग द्यायला असंच. माझ्या धाकट्या बहिणीच्या आठवणीत मुलांसाठी खेळाचं मैदान करायचं ठरलं, तेव्हाही ही माणसं ताट घेऊनच निघाली. ताट नसेल तर दुसऱ्याच्या दारात उभं कसं राहायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुढे जे काही झालं ते त्या ताटामुळे झालं.

बहिणीबद्दल थोडं सांगते. थोडंच. हॉस्पिटलातले दिवस मी लिहिणार नाही. ते आमचे आहेत.

ती नऊ वर्षांची होती. आमचं कोपरखैरण्यातलं घर एका बाजूने शेजारच्या घराला चिकटलेलं, दुसऱ्या बाजूने गल्लीच्या टोकाला. त्या टोकाला एक मोकळा प्लॉट. नकाशात तो खेळासाठी राखीव आहे, पण वर्षानुवर्षं तिथे फक्त डेब्रिज पडायचं. टेम्पो यायचे आणि कोणाकोणाची फोडलेली बाथरूम्स आमच्या दारात ओतून जायचे. गुलाबी टाईल्स, निळ्या टाईल्स, अर्धं बेसिन. त्यावर टायर. पावसात टायरमध्ये पाणी साचायचं आणि माझी बहीण दगड मारून त्या पाण्याचा आवाज ऐकायची. तिला डेंग्यू झाला. डास त्याच टायरमधला होता असं कोणी डॉक्टर सांगू शकत नाही. मी सांगते. तोच होता.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी नाक्यावर तिचा फ्लेक्स लागला. मधे तिचा फोटो, हात जोडलेला, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, आणि खाली ओळीने बारा पुरुषांचे चेहरे, गॉगल लावलेले, शोकाकुल. त्यातल्या चौघांना ती कोण हे माहीत नव्हतं. भर दुपारी मी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन गेले, रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर चढले आणि दोऱ्या कापल्या. रिक्षावाले बघत राहिले. एक म्हणाला, "मॅडम, परमिशन घेतली का?" मी फ्लेक्सची गुंडाळी करून घरी आणली. मी कोणाशी एक शब्दही बोलले नाही. मी तशीही बोलत नाही. पप्पा मार्केटमध्ये कांद्या-बटाट्याच्या गोण्या उचलतात, आणि गोण्या आपल्यापाशीच थांबाव्यात म्हणून त्यांनी मला इंग्लिश मीडियमला घातलं. शाळेत माझं इंग्लिश गल्लीतलं वाटायचं आणि गल्लीत माझं मराठी शाळेतलं. मग दोन्हीकडे कमी बोलायची सवय लागली. आता मी बेलापूरच्या एका ऑफिसात न्हावा शेव्याच्या कंटेनरची कागदपत्रं करते. कंटेनर उत्तर देत नाहीत, ते मला बरं पडतं. गल्लीत मला सगळे मॅडम म्हणतात. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मी कधी मोजलं नाही.

मैदानाची सुरुवात आईने केली, पण तिने तसं काही ठरवलं नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी ती घमेलं घेऊन प्लॉटवर गेली आणि टाईल्सचे तुकडे वेचायला लागली. मी ऑफिसला निघाले होते. मी चप्पल काढून शाळेच्या पीटीचे जुने बूट घातले आणि तिच्या बाजूला जाऊन बसले. आई म्हणाली, "हात कापतील तुझे." मी म्हटलं, "तुझे नाही कापणार?" एवढंच.

समोरच्या घरातली खाला दोन दिवस खिडकीतून बघत होती. तिचं माहेर-सासर दोन्ही रायगडच्या किनाऱ्याचं, नवरा व्यापारात, मुलाचं ग्रिल-वेल्डिंगचं दुकान. तिची दोन नातवंडं माझ्या बहिणीची रोजची टोळी. तिसऱ्या दिवशी खाला बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आईला म्हणाली, "काय गो बाय, एकटीच सगळं उचलनार हायस? मग आमी काय खिडकीतून टाळ्या वाजवू?" आणि तिने घमेल्याची दुसरी कड धरली.

मग बायका आल्या. मग ज्या दिवशी मार्केटला सुट्टी असते त्या दिवशी पप्पांची अख्खी टोळी आली. माथाडींची टोळी म्हणजे काय हे मी तोपर्यंत नीट पाहिलं नव्हतं. कोणी कोणाला काही सांगत नाही. एक जण वाकतो तेव्हा दुसरा आधीच वाकलेला असतो. ज्या बेसिनभोवती आम्ही दोन दिवस घुटमळत होतो ते त्यांनी एका हुंकारात उचललं. टायर गेले, टाईल्स गेल्या. वॉर्ड ऑफिसने खेळाची साधनं बसवायला परवानगी दिली, तेवढीच, बाकी बांधकाम नाही. गाडीभर लाल माती आली. आणि मग पैशांची गोष्ट निघाली.

ऑफिसमधून आणि कॉलेजच्या मैत्रिणींकडून मी जमवायचं ठरलं. मी इंग्लिशमध्ये एक छोटा मेसेज लिहिला. माझी बहीण, हा प्लॉट, एक झोपाळा, एक घसरगुंडी, मोकळी माती. फोटो लावला नाही. गल्लीतून जमवायचं काम मुकादमांनी घेतलं. मुकादम म्हणजे पप्पांच्या टोळीचे जुने म्होरके. पप्पा गावाहून आले तेव्हा त्यांना मार्केटमध्ये उभं करणारे, पहिल्या खोलीचं भाडं भरणारे. आता निवृत्त आहेत, पण नाक्यावर ते आले की बसलेली माणसं उठतात. ते ताट घेऊन दारोदार फिरले. घाटावर गावच्या जत्रेला गेले तेव्हा तिथेही ताट घेऊन उभे राहिले, आणि माझ्या बहिणीचं नाव घेऊन म्हणाले, पोरीच्या नावानं नव्या मुंबईत जागा होतीय, हात लावा.

गावाने काय ऐकलं असेल? जत्रा, ताट, नारळ, देवीचं नाव. गावाने देऊळ ऐकलं.

हे आम्हाला कळलं घंटेमुळे. एका पहाटे गावाकडचा भाजीचा ट्रक मार्केटला आला, आणि मेथीच्या जुड्यांमध्ये गोणपाटात गुंडाळलेली एक पितळी घंटा. पप्पांनी ती खांद्यावरून घरी आणली. कडेने अक्षरं कोरलेली होती: समस्त माहेरवाशिणी. आमच्या गावात देवळाचं काही काम निघालं की सासरी गेलेल्या मुलींकडून वेगळी वर्गणी घेतात, आणि त्या पैशांची एक वस्तू होते. समई, घंटा, कळस. माझ्या आत्याने फोन करून करून लेकी गोळा केल्या होत्या. साताऱ्यापासून पार सांगलीपर्यंत दिलेल्या बायकांनी घरखर्चातून बाजूला काढून ही घंटा केली होती. माझ्या बहिणीच्या देवळासाठी.

गल्ली घंटा बघायला जमली. मुकादमांनी लोलक एकदा हलवला. आवाज खरंच सुंदर होता, ते मी नाकारत नाही.

"आता घंटा आलीय म्हटल्यावर," मुकादम म्हणाले, "तिला टांगायला जागा पायजे. कोपऱ्यात छोटी घुमटी करू. देवी बसवू."

कोणीतरी म्हणालं, "परवानगी तर खेळाचीच आहे."

"देवीला कोन परवानगी इचारतंय? आन मी एक सांगू का, घुमटी असली ना, की डेब्रिजवाल्याची छाती व्हायची न्हाई तितं टेम्पो लावायची. झोपाळ्याला कोन भितंय?"

हे खोटं नव्हतं. जिन्यात लोक थुंकू नयेत म्हणून देवाच्या टाईल्स लावतात ते आपण सगळीकडे बघतो. माना हलल्या. पप्पांचीही हलली. मी बघत होते.

मग घुमटी वाढायला लागली. आठवड्याभरात तिला चौथरा आला. पुढच्या आठवड्यात चौथऱ्यापुढे सभामंडप, कारण आरतीला माणसं उन्हात कशी उभी राहणार. मग कोपरा बदलला, कारण देवीचं तोंड पूर्वेला हवं आणि कोपऱ्यातून पूर्वेला भिंत लागते. आता देऊळ मधोमध. आणि मुलं? "मुलं काय, कडेनं खेळतील की. देवळात आवाज कमी केला म्हंजे झालं."

त्या संध्याकाळी मी घरी बोलले. माझ्यासाठी ते भाषण होतं. तीन वाक्यं. "ती जागा खेळायची आहे. तिथे देऊळ होणार नाही. तुम्ही त्यांना सांगा."

पप्पा जेवत होते. घास हातातच राहिला. "मी? मुकादमाला? त्यानं मला हितं आनलं, बाळा. गोनी वढायचा पयला हूक माझ्या हातात त्यानं दिला."

"म्हणून तिची जागा द्यायची?"

"देवीचीच हुतीया, काय वाईट हुतंय? येता-जाता हात जोडू. मला तरी..." आणि ते थांबले. मला तरी कुठेतरी हात जोडता येईल, असं त्यांना म्हणायचं होतं. मला ते कळलं. कळलं म्हणून मी ऐकलं नाही.

आई ओट्याकडे तोंड करून भांडी लावत होती. ती वळली नाही. "देवळात तिला कधी पाच मिन्टं गप बसवता आलं का आपल्याला?" ती म्हणाली. "आरती चालू आसताना खांबाभोवती पळायची. तुमीच धपाटा घातला हुता की न्हाई? आता तिच्याच नावानं बाकीच्या पोरांना धपाटे घाला."

पप्पांनी ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी खाला भेटली, दुकानाच्या दारात. तिचा मुलगा आमच्या झोपाळ्याचे पाईप जोडत होता, मजुरी न घेता. ठिणग्या उडत होत्या म्हणून आम्ही दोघी दुसरीकडे बघत बोलत होतो.

"देवी बसनार म्हनं मधोमध," खाला म्हणाली.

"नाही बसणार."

"बसली तर बसली गो. चांगलंच हाय. माझ्या पोरांना कोन काय बोलनार नाय, मला ठावं हाय. हितं कोन तसला नाय." तिने ओढणी डोक्यावर नीट केली. "पन मीच त्यांना जाऊ देनार नाय. चेंडू गाभाऱ्यात गेला, पोर चपलेनं आत गेला, मग? कोनी बोलायच्या आधीच मी अडवीन. ता तुला सांगून ठेवतंय."

आणि आत बघून मुलाला ओरडली, "अरे त्या कडीला दोन टाके जास्त मार! पोरं तिघं-तिघं बसतात एका झोपाळ्यावर!"

त्या दिवशी ऑफिसमधून मी आत्याला फोन केला. मला फोनवर बोलायला आवडत नाही, कस्टम्सच्या एजंटलाही मी मेसेजच करते. पण हे मेसेजमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

"आत्या, घंटा मिळाली. खूप छान आहे. पण देऊळ नाही होणार."

 मग, "म्हंजे? आगं, मुकादम तर म्हनला..."

"ते मैदान आहे, आत्या. मुलांना खेळायला. पहिल्यापासून तेच होतं."

"मैदान? आन मैदानासाठी ताट फिरवलं व्हय जत्रंत?" आत्याचा आवाज चढला. "आगं बाई, मी काय सांगू बायकांना? एकीनं कोंबड्या इकून पैसं दिल्यात! देवाचं म्हनून दिल्यात! आता काय पोरांच्या चेंडूला दिलं म्हनून सांगू?"

"हो," मी म्हटलं. "तसंच सांग. आणि ज्यांना परत हवेत त्यांना मी माझ्या पगारातून देते. घंटा मी पाठवते."

"लय शानी झालीस गं इंग्रजी शिकून."

"हो."

ती फोन ठेवेल असं मला वाटलं. तिने ठेवला नाही. अंगणात ओरडणाऱ्या शेळीला तिने हाकललं. मग ती म्हणाली, "तुजी बहीन हितं आलती तवा देवळाच्या पायरीवर कवा बसली न्हाई. शाळंम्होरच्या मैदानात पडीक. काय खेळायची गं ती?"

"लंगडी."

"लंगडी." आत्याने नाक ओढलं. "घंटा पाठव परत. गावच्या देवळात बांधू. बायकांचं मी बघते. दोघी-तिघी शिव्या देत्याल, देऊ देत." आणि मग एकदम, "पर मुकादमाला कोन सांगनार? तुजा बाप तर त्येच्या म्होरं त्वांड उघडायचा न्हाई."

ते मलाही माहीत होतं. मी सांगितलं मुकादमांना, दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाऊन. घंटा परत जातेय, असं मी म्हटलं. ते माझ्याकडे न बघता बाजूच्या माणसाला म्हणाले, "मॅडम काय म्हनत्यात?" आणि हसले. सगळे हसले. "घंटा काय, दुसरी आनू."

शनिवारी संध्याकाळी ते फक्कीचा डबा घेऊन प्लॉटवर आले. लाल मातीवर मधोमध त्यांनी पांढऱ्या फक्कीने चौकोन आखला. दोरी धरून, कोपरे गुण्याने काटकोनात घेऊन, हात किंचितही न हलवता. मंडप धरून चांगला ऐसपैस चौकोन. उद्या सकाळी भूमिपूजन, गुरुजी सांगून ठेवले आहेत, कुदळ तयार आहे. डबा बगलेत घेऊन ते गेले.

पाच मिनिटांनी खालाची नातवंडं तिथे आली. मागून आणखी दहा-बारा मुलं. नवी लाल माती, त्यावर ताजा पांढरा चौकोन. मोठ्यांना त्यात देऊळ दिसत होतं. मुलांना काय दिसणार? त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि आरडाओरडा करत आत उड्या मारल्या. आखलेला चौकोन म्हणजे लंगडी. यापेक्षा चांगलं मैदान त्यांना कोणी कधी आखून दिलंच नव्हतं.

मी दारात उभी होते. कोणावर राज्य यावरून त्यांची भांडणं चालली होती. त्यातल्या एका मुलीने मला बघितलं आणि चेष्टेत ओरडली, "ताई, तू घेतेस राज्य?" तिला वाटलं नव्हतं मी येईन. गल्लीत कोणालाच वाटलं नसतं.

मी ओढणी कमरेला बांधली आणि गेले.

लंगडीत ज्याच्यावर राज्य तो एका पायावर उडत बाकीच्यांना शिवतो. पाय टेकला की आऊट. बाकीचे चौकोनात पळतात, रेषेबाहेर गेला की आऊट. मी शाळेतही कधी राज्य घेतलं नव्हतं, सगळे आपल्याकडे बघतात म्हणून. त्या संध्याकाळी सगळे बघतच होते. गॅलऱ्यांतून, दारांतून. पप्पांच्या टोळीतला एक काका म्हणाला, "आयला, मॅडम बघा!" माझा श्वास लागला, पोटऱ्या पेटल्या, मी तिसऱ्या उडीला पडले. पोरं खदखदली. मी उठून परत राज्य घेतलं. अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो, आणि जाताना मी मुलांना सांगितलं, उद्या सकाळी सात वाजता. सगळ्यांनी यायचं.

सकाळी सगळे आले. आणि आठच्या सुमाराला मुकादम आले, सोबत गुरुजी, ताट, नारळ, हळद-कुंकू लावलेली कुदळ, मागे गल्लीतले वीस-पंचवीस जण. डाव ऐन भरात होता. माझ्यावर राज्य होतं.

"चला रे, बाजूला व्हा," मुकादम म्हणाले. "पूजा करायचीय."

मुलं थांबली नाहीत. ती माझ्याकडे बघत होती, मी उडत होते.

"ए मॅडम! ऐकू येत न्हाई का?"

"डाव चालू आहे," मी म्हटलं. मला दम लागला होता, तेवढंच निघालं.

"डाव काय डाव! मुहूर्त जातोय!"

"पाय टेकला तर आऊट होईन."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मुकादमांचा चेहरा लाल झाला. ते चौकोनाच्या रेषेपर्यंत आले, आणि तिथेच थांबले. पोरं भोवती भिरभिरत होती. आत यायचं तर त्यांना पळणाऱ्या मुलांमधून यावं लागलं असतं, कुदळ हातात घेऊन. ते तसे नव्हते. आयुष्यभर त्यांनी टोळी सांभाळली होती, कोणाच्या अंगावर माल पडू दिला नव्हता. त्यांनी पप्पांकडे बघितलं.

"तुजी पोरगी आवर."

पप्पा गर्दीत होते. हात मागे बांधून. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. माझा डावा पाय थरथरत होता आणि मला वाटलं, आता हे म्हणतील, बाळा, ये इकडं. म्हणाले असते तर मी आले असते का? नसते आले. पण मी पाय टेकला असता.

तेवढ्यात आई आली. घरातून सरळ, ओले हात पुसत. तिने निऱ्या उचलून कमरेला खोचल्या, रेष ओलांडली आणि चौकोनात उभी राहिली. "मला शीव बघू," ती म्हणाली आणि पळाली. आई. पन्नाशीला आलेली, गुडघे दुखतात म्हणून बाजारात रिक्षाने जाणारी. पोरांनी किंकाळ्या फोडल्या. रेषेपलीकडून खाला ओरडली, "अगो, हळू! पडशील मेले!" आणि एवढी हसायला लागली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

पप्पा पुढे झाले. ते मुकादमांशी बोलले नाहीत. ते गुरुजींकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "गुरुजी, डाव संपंस्तोवर चहा घेता का?"

गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना दहाला ऐरोलीत वास्तुशांत होती. ते मुकादमांना म्हणाले, "मुहूर्त साडेआठपर्यंतच आहे हो," आणि पप्पांबरोबर आमच्या घरी चहाला गेले. साडेआठला निघाले. तेव्हा मी आऊट झाले होते, आईवर राज्य होतं.

मुकादम तोपर्यंत उभे होते. जाताना ते पप्पांना एकच वाक्य म्हणाले, सगळ्यांसमोर, शांतपणे. "माझी वर्गणी परत दे."

जमलेले पैसे पप्पांकडेच ठेवलेले होते, त्यांनी त्याच दिवशी दिली. मग बाकीचे आले. देवाचं म्हणून दिलं होतं, परत द्या. आम्ही दिलं. कोणाशी वाद घातला नाही, त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. झोपाळा उभा राहिला, घसरगुंडीचे पैसे मात्र गेले. एक बाक होणार होता तोही गेला. घंटा भाजी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये बसून गावी गेली. आणि पप्पा नाक्यावर जातात तेव्हा काही माणसं आता सरकून जागा देत नाहीत. ते उभे राहतात. माझ्याकडे त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. मीही सॉरी म्हटलं नाही. म्हणणार नाही.

तिच्या नावाची पाटी लावायची का, असं अधूनमधून कोणी विचारतं. आई म्हणते, नको. मुलं ती जागा तिच्या हाकेच्या नावाने ओळखतात, "चल, तिच्याकडे जाऊ," ज्यांनी तिला कधी पाहिलंही नाही ती मुलंसुद्धा. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

गोष्ट संपलेली नाही, हेही सांगायला हवं. नवरात्र जवळ आलं की विषय परत निघतो. गेल्या वर्षी दोन नवी माणसं आली होती, मंडळाची, चांगल्या कपड्यांतली. मुकादम सोबत नव्हते, ते आता फारसे बाहेर पडत नाहीत. त्यातला एक म्हणाला, "ताई, फक्त नऊ दिवस मांडव घालू. तात्पुरता."

घुमटीही सुरुवातीला छोटीच होती. ते मी त्याला सांगितलं नाही, मला लांब बोलायला जमत नाही. मी म्हटलं, "संध्याकाळी या. मुलांना विचारू."

ते संध्याकाळी आले. मातीत पाय ठेवायला जागा नव्हती. झोपाळ्यावर तिघं-तिघं, बाकीची चौकोनात. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, डाव संपेल म्हणून. एक डाव संपतो, तेव्हा दुसऱ्याचं राज्य ठरलेलं असतं. शेवटी त्यातल्या एकाने विचारलं, "हे रोजचंच आहे का?"

मी म्हटलं, "हो. रोजचंच."

रविवारी सकाळी मी फक्कीचा डबा घेऊन जाते आणि रेषा परत पांढऱ्या करते. माझे कोपरे मुकादमांइतके सरळ येत नाहीत. मुलांचं त्यावाचून अडत नाही.